मोरितासानांच्या हत्यारांचा राखणदार

फिलूचा फोन आला तेव्हा मी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या घरात खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबत होते. बाहेर लाल धूळ उठली होती, भर दुपारी अंधारून आलं होतं आणि माझा नवरा माधव खाणीवर होता. फिलू म्हणजे फिलोमिना, माझ्या मेलबर्नच्या वर्षांतली सर्वांत जवळची मैत्रीण. ती नर्स आहे, तिच्या शिफ्ट मला अजून पाठ आहेत. त्या वेळेला ती वॉर्डात असायला हवी होती, म्हणून तिचा आवाज ऐकल्याबरोबर मी हातातलं फडकं खाली टाकलं. "कुंदा," ती म्हणाली, "व्हिन्सेंट गेला गं. सकाळी ऑफिसच्या कारपार्कमध्ये... हार्ट." धूळ काचेवर आपटत होती तेवढाच आवाज. शेवटी तीच म्हणाली, "येशील ना?" मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार काय यावा? तर आता शनिवारी शेड कोण उघडणार! मैत्रिणीचा नवरा गेला होता, तिच्या लेकीचा बाप गेला होता, आणि मला सुचली ती शेड. मला माझाच राग आला. पण आता काही आठवडे गेल्यावर वाटतं, व्हिन्सेंटला हा प्रश्न अगदी रास्त वाटला असता.

व्हिन्सेंट मूळचा वसईचा. मुंबईला शिकून सिव्हिल इंजिनिअर झाला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, या देशाने आपल्यासारख्यांसाठी दार जरा किलकिलं केल्याबरोबर, बायकोला घेऊन मेलबर्नला आला. माधव तेव्हा त्याच्याच ऑफिसात होता, दोघं मिळून पुलांची गणितं करत. आम्ही पुण्याचे, मासळीचा वास आला की खिडकी उघडणारे. ते दोघं मासळीशिवाय जेवण न जाणारे. पण त्या काळी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात मराठी बोलणारं घर सापडणं हेच एवढं अप्रूप होतं की खिडकी कधी उघडायची बंद झाली ते कळलंही नाही. पहिल्याच भेटीत त्याने जाहीर केलं, "वहिनी-बिहिनी काही म्हणणार नाही हां मी. इथे बॉसला नावाने हाक मारतो, तर तुलाही कुंदाच म्हणेन." काटकुळा, हसताना खांदे हलवणारा आणि उत्साह असा की शेजारी बसणाऱ्याला धाप लागावी. एकदा टोमॅटो लावायचं डोक्यात आलं तर पठ्ठ्याने मागचं अख्खं लॉन खणून काढलं, फिलूला कपडे वाळत घालायला पाय ठेवण्यापुरतीसुद्धा जागा ठेवली नाही. मी त्याला तोंडावर उतावळा म्हणत असे. तो म्हणे, "तू मॅथ्सची टीचर. तुला सगळं स्टेप बाय स्टेप लागतं."

या उतावळ्या माणसाला मोरितासान भेटले ते चर्चमध्ये. ती गोष्ट मी फिलूकडून इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथे नव्हते असं आता वाटतच नाही. मोरितासान, म्हणजे आपल्याकडचे मोरिताराव, हे म्हातारे जपानी सुतार. त्यांची मुलगी केइको युद्धानंतर एका ऑस्ट्रेलियन सैनिकाशी लग्न करून इकडे आलेली. तिचा नवरा डग हा ग्लेन वेव्हर्लीच्या जुन्या फळबागवाल्यांपैकी एक. आई वारल्यावर केइकोने वडिलांना आपल्याकडे आणलं, आणि ते आले ते हत्यारांच्या दोन मोठ्या पेट्या घेऊन. कपडे म्हणे एका पिशवीत मावले होते. चर्चमधला एक बाक मोडला होता, तो दुरुस्त करायला केइकोने वडिलांना बसवलं. बसवलं म्हणजे ते खरंच जमिनीवर बसले. बूट काढून, मांडी घालून, लाकूड पायाच्या पंजाखाली दाबून करवत ओढायला लागले. मासची प्रार्थना संपवून बाहेर पडणाऱ्या बायकांना ते बघवेना. एवढा वयस्क माणूस, आणि असा खाली! एकीने लगबगीने खुर्ची आणली, दुसरीने टेबल ओढलं. मोरितासान हात हलवून नको नको म्हणताहेत, यांना वाटतंय ते संकोचताहेत... त्या गोंधळात व्हिन्सेंटने रविवारचे चांगले बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत सरकवली आणि म्हाताऱ्याच्या समोर फतकल मारून लाकडाचं दुसरं टोक आपल्या पायाखाली धरलं. त्याच्या गावातले सुतार असेच काम करायचे, त्यात त्याला काही विशेष वाटलं नव्हतं. मोरितासानांनी एकदा त्याच्या पायाकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे, आणि करवत पुन्हा सुरू केली. बाक झाल्यावरच दोघं उठले.

त्यानंतर व्हिन्सेंटचे शनिवार मोरितासानांचे झाले. डगच्या बागेतली बरीचशी जमीन तोवर घरांसाठी विकली गेली होती, पण सफरचंदं भरायची लांबलचक शेड शिल्लक होती. तिथे ते दोघं बसत. म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणावं तर बिअर मागण्यापुरतं चोख येत होतं, आणि व्हिन्सेंटला जपानी शेवटपर्यंत आलं नाही. पण हत्यारं हातात असली की भाषेचं फारसं अडत नाही, असं तो म्हणे. आपल्याकडचा रंधा पुढे ढकलायचा, त्यांचा स्वतःकडे ओढायचा. करवतसुद्धा ओढतानाच कापते. लाकडावर सरळ रेघ उमटवायला ताणलेलं सूत मारतात, त्याला आपल्याकडे गेरू, त्यांच्याकडे शाई, आणि त्या शाईची दौत लाकडात कोरलेली, होडीसारखी. ती दौत पहिल्यांदा पाहिली तेव्हा व्हिन्सेंट माझ्या घरी धावत सांगायला आला होता. "कुंदा, तेसुद्धा सूतच मारतात गं! फक्त काळं!" जणू दोन देशांतली सोयरीक त्यानेच जुळवली होती. मोरितासान त्याला बिन्सेन्तो म्हणत आणि खूप ओरडत. रंध्याचं पातं नीट पुसून ठेवलं नाही म्हणून एकदा महिनाभर त्याला पात्याला हात लावू दिला नव्हता, नुसतं पाणी आणायला आणि केर काढायला ठेवलं होतं. ऑफिसात ज्याच्या सहीशिवाय पुलाचा नकाशा पुढे सरकत नसे तो माणूस तिथे केर काढत होता आणि सोमवारी माधवला हसत हसत सांगत होता.

मोरितासान गेले ते इथल्या एका हिवाळ्यात. आजारी पडल्यावर त्यांनी केइकोला दुभाषी म्हणून बसवून व्हिन्सेंटकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. हत्यारं वापरात ठेव. विकू नको, सजवू नको, वापरात ठेव. हत्यारं अर्थातच केइकोची होती, व्हिन्सेंट फक्त सांभाळणारा. पण शब्द त्याने दिला होता आणि तो त्याने फार मनावर घेतला. केइकोला वाटत होतं की वडिलांच्या कामाची लोकांना ओळख व्हावी. डगला शेड रिकामी पडण्यापेक्षा काहीही चाललं असतं. त्यातून ते संग्रहालय उभं राहिलं. पाटी डगने रंगवली, 'जपानी सुतारकामाच्या हत्यारांचं संग्रहालय' असं भारदस्त नाव इंग्रजीत लिहिलं, पण आम्ही सगळे शेडच म्हणत राहिलो. दर शनिवारी उघडं. जमिनीवर गवताच्या चटया, भिंतीवर रांगेने करवती, पटाश्या, रंधे, तासण्या, आणि मधोमध रंधा ओढून बघायला ओरेगॉन पाइनच्या लाकडाची एक तिरपी तुळई. काच कुठेही नाही. खुर्चीही नाही. येणाऱ्याने बूट काढायचे, खाली बसायचं आणि हत्यार हातात घ्यायचं, हा व्हिन्सेंटचा नियम. भलेभले पाय अवघडून कण्हत बसत. त्याच चर्चमधले एक गृहस्थ युद्धात जपान्यांच्या कैदेत होते. ते कधी आले नाहीत, शेवटपर्यंत नाहीत. व्हिन्सेंट रविवारी त्यांच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारी, पण शेडचा विषय काढत नसे. "त्यांनी काय भोगलंय ते आपल्याला काय माहीत?" एवढंच म्हणे.

मला सुरुवातीला हे सगळं त्याच्या टोमॅटोंसारखं वाटलं होतं, दोन उन्हाळ्यांत ओसरेल असं. ओसरलं नाही. दर शनिवारी सकाळी तो प्रत्येक पातं कॅमेलियाच्या तेलाच्या फडक्याने पुसायचा, बोथट झालेल्यांना पाण्यातल्या दगडावर धार लावायचा, आणि मग दार उघडायचा. घरी फोन केला तर त्याची मुलगी शर्ली एका दमात सांगायची, "डॅड्स ॲट द शेड, आंटी," आणि फोन ठेवून द्यायची. फिलू वैतागायची. "माझ्या उशीला त्या तेलाचा वास येतो," म्हणायची. पण त्या उतावळ्या माणसाला दगडावर पातं घासताना पाहिलं की मी गप्प होत असे. घाई नाही, बोलणं नाही, ओठ जरा मिटलेले. जो माणूस चहा कधी गरम प्यायला नाही, कारण निवायला वेळ कोण देणार, म्हणून गार दूध ओतायचा, तो एका पात्यासाठी अर्धा दिवस द्यायचा. माणूस बदलू शकतो यावर माझा फारसा विश्वास नव्हता. तो विश्वास मला तिथे बसला.

एक रंधा मात्र तो कुणाला देत नसे. मोरितासानांचा सर्वांत मोठा, शेवटचा हात फिरवायचा रंधा. त्याच्या पात्याला म्हाताऱ्याने आजारी पडायच्या आधी स्वतः धार लावून ठेवली होती, आणि व्हिन्सेंटने ती तशीच ठेवली होती. पुसायचा, तेल लावायचा, पण लाकडाला टेकवायचा नाही. सगळ्या शेडमध्ये हात लावायचा नाही अशी तेवढी एकच वस्तू होती. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ती धार त्यांची आहे गं. एकदा ओढला की संपली." मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलंही होतं.

मग शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाला या हत्यारांची खबर लागली. त्यांनी केइकोला विचारलं, सगळा संग्रह आम्हाला द्याल का? तिथे हवेचा ओलावा मोजून ठेवलेला, काचेची कपाटं, तज्ज्ञ माणसं. केइकोला मोह पडला, आणि का पडू नये? तिच्या वडिलांचं नाव शहरातल्या मोठ्या इमारतीत लागणार होतं. ज्या देशात ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा दुकानात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, त्या देशात. व्हिन्सेंटला हे समजत होतं, म्हणून तो तिला नको म्हणू शकत नव्हता. पण तिथे गेली की ती हत्यारं पुन्हा कुणाच्या हातात येणार नाहीत हेही त्याला कळत होतं, आणि त्याने शब्द दिला होता. त्याची झोप उडाली. केइको म्हणाली, त्यांचा माणूस येऊन पाहून जाऊ दे, मग मी काय ते ठरवीन. तो माणूस ऑक्टोबरच्या अखेरीला यायचा होता.

आणि नेमका त्याच्या आधी दसरा आला. दसऱ्याची कल्पना आम्हा हिंदूंपैकी कुणाची नव्हती, व्हिन्सेंटची होती. त्याच्या घराजवळ सुताराची वखार होती, तिथे दसऱ्याला हत्यारं मांडून पूजा व्हायची आणि सगळ्या वाडीच्या पोरांना खोबरं-साखर मिळायची, कुठल्या धर्माचं पोर हे कोणी विचारायचं नाही. "आपल्या शेडमध्ये एवढी हत्यारं, आणि दसरा कोरडा?" तो म्हणाला. केइकोनेही आनंदाने हो म्हटलं. तिच्या माहेरी नव्या वर्षाला हत्यारांपुढे तांदळाच्या वड्या ठेवत. खरा दसरा आठवड्याच्या मधे कुठेतरी होता, पण इथे सगळे सण वीकेंडला ढकलायचे असतात, म्हणून रविवार ठरला. आम्ही सात-आठ घरं जमलो. झेंडू काही मिळेना, इथे तेव्हा वसंत असतो. बायकांनी पिवळी डेझी तोडून आणली. चटईवर पांढरं कापड घालून व्हिन्सेंटने हत्यारं मांडली, मोठा रंधा मधोमध, त्याचं पातं काढून त्याच्यापुढे उताणं ठेवलेलं. माधवने येईल तेवढी पूजा सांगितली. सगळ्यांनी ओल्या बोटांनी प्रत्येक पात्याला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं. व्हिन्सेंटचा चेहरा तर नुसता फुलला होता. पूजेनंतर कुणीतरी हत्यारं आवरायला लागलं तर त्यानेच हात धरला. "अहं! आज हत्याराला हात लावायचा नसतो, आमच्या सुताराकडे लावत नसत." मग डब्यांतून आणलेलं जेवण झालं, श्रीखंड झालं, फिलूने तळलेली सुरमई मी स्वतः तीन वेळा घेतली, आणि दार लावून सगळे घरी गेलो. वसईच्या सुताराची हत्यारं दुसऱ्या दिवशी सकाळी पुसली जात आणि कामाला लागत. आमची शेड पुढच्या शनिवारीच उघडणार होती, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. सोमवारी सगळे आपापल्या कामाला.

शनिवारी सकाळी व्हिन्सेंटचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. आम्ही धावत गेलो. फुलं सुकून पात्यांना चिकटली होती, आणि जिथे जिथे आमची बोटं टेकली होती तिथे तिथे नारिंगी गंज. बाकीच्या पात्यांवरचा वरवरचा होता, दगडावर निघण्यासारखा. मोठ्या रंध्याचं पातं मात्र सर्वांत जास्त बोटांचं धनी झालं होतं, मान त्याचा पहिला ना! थेट धारेवर गंज चढला होता. व्हिन्सेंट त्याच्यासमोर बसून राहिला होता, रडून डोळे लाल झालेले. मोठ्या संग्रहालयाचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार. माधव म्हणाला, "अरे, अजून वेळ आहे. धार लावून टाक, कुणाला कळणार आहे?" व्हिन्सेंटने मान हलवली. "केइकोला फोन केलाय. येतेय ती." एवढं झाल्यावरसुद्धा त्याने आधी तिला सांगितलं होतं, आम्हाला नंतर. त्या क्षणी तो मला फार मोठा वाटला.

केइको आली, बूट काढले, खाली बसली. इतकी वर्षं इथे राहून तिचं इंग्रजी अगदी इथलं झालं होतं, बागवाल्यांसारखं ऐसपैस. ती पातं हातात घेऊन उलटसुलट करून पाहत राहिली. मग जे बोलली ते रागानेच. "माझे वडील सकाळी स्वतःचं तोंड पुसायच्या आधी हे पुसायचे." व्हिन्सेंट म्हणाला, "चूक माझी आहे. तू सगळं त्यांना देऊन टाक. माझ्या हातात हे सेफ नाही."

"मग याला धार का लावली नाहीस? दगड तर इथेच आहे."

"तुझ्या वडिलांची धार आहे ती. शेवटची. मी इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं काय? वापरलाच नाहीस?" केइकोने विचारलं. तिला हे माहीतच नव्हतं. व्हिन्सेंटने मान खाली घातली. ती एकदम हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मेट," ती म्हणाली, "म्हणजे तूसुद्धा काचेचं कपाटच केलंस की याचं! माझे वडील या पात्याला रोज धार लावायचे. रोज आदल्या दिवशीची धार घासून जायची. त्यातली त्यांची कुठली रे?" तिने पातं त्याच्यासमोर ठेवलं. "तुला त्यांनी काय सांगितलं होतं? मीच होते ना शेजारी सांगायला."

व्हिन्सेंटने पातं उचललं. बादलीतून दगड काढला. त्या दिवशी शेड लोकांसाठी उघडलीच नाही, पण आम्हीही कोणी हललो नाही. गंज धारेपर्यंत खोल गेला होता, बरंच पोलाद घासावं लागणार होतं, आणि वाकडं घासलं तर पातंच जाणार. तो घासत होता, पाणी शिंपडत होता, प्रकाशाकडे धरून बघत होता, पुन्हा घासत होता. दुपारी फिलू ड्युटी संपवून आली, दारातच थांबली, आणि तिने त्याला जेवायला हाक मारली नाही. उतरत्या उन्हात त्याने पातं रंध्यात बसवलं, लाकडाच्या हातोडीने टकटक करून बेतलं आणि तुळईवर ठेवून रंधा स्वतःकडे ओढला. छिलका तुटला. पुन्हा बेतला, पुन्हा ओढला. कितव्या खेपेला कोण जाणे, तुळईच्या टोकापासून टोकापर्यंत एक अखंड छिलका निघाला, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. केइकोने तो उचलून आपल्या तळहातावर ठेवला, तर खालच्या रेषा दिसत होत्या. ती म्हणाली, "बाबा म्हणाले असते, जाड आहे." आणि पुढे म्हणाली, "ते यायचेत त्यांना मी नको म्हणून कळवते."

तो माणूस तरीही आला, स्वतःसाठी म्हणून, आणि फार सभ्य निघाला. बूट काढून दोन तास खाली बसला. जाताना म्हणाला, "आमच्याकडे ही वर्षातून एकदा ड्रॉवरमधून निघाली असती." त्यानंतरच्या वर्षांत तो मोठा रंधा सगळ्यांचा झाला. शाळेची मुलं, ग्रीक आणि इटालियन सुतार, रिटायर झालेले बँक मॅनेजर, क्रेगीबर्नच्या बाजूची मेंढपाळ मंडळीसुद्धा, सगळे ओढून गेले. दसरा आम्ही दरवर्षी करत राहिलो. फक्त हळदकुंकू लाकडी दांड्यांना लावायचं, आणि घरी जायच्या आधी सगळ्यांनी मिळून पाती पुसायची. माझ्या मते असा दसरा जगात दुसरीकडे कुठे होत नसेल. मग माधवला खाणीवरची नोकरी मिळाली आणि आम्ही कालगुर्लीला आलो. पर्थपर्यंत विमान, तिथून मेलबर्नला दुसरं, त्यामुळे जाणं वर्षातून एकदा. या उन्हाळ्यात गेले होते तेव्हा व्हिन्सेंटची पाठ धरलेली, उठताना भिंतीला हात लागत होता. मी म्हटलं, "आता एखादी खुर्ची आण रे बाबा." तर म्हणाला, "खुर्ची आली की लोक नुसतं बघतात गं." तेच आमचं शेवटचं बोलणं. मी त्याला हट्टी म्हणून आले होते.

फ्युनरल झालं. चर्च भरून माणसं होती, त्यातले निम्मे त्याला फक्त शेडमध्ये भेटलेले. मी शाळेतून रजा काढून फिलूकडेच राहिले. ती कपाटं आवरत होती, डबे परत करत होती. काही दिवसांनी शनिवारी सकाळी म्हणाली, "चल, शेड उघडूया." मला वाटलं, बसून येऊ जरा. केइको आधीच आली होती, फडकं आणि तेल घेऊन. मोठा रंधा तुळईपाशी होता. व्हिन्सेंटने जायच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी त्याला धार लावून ठेवली होती, केइकोने सांगितलं. दोन-तीन माणसं आली, बूट काढून बसली, आणि कुणाचाच हात त्या रंध्याकडे जाईना. कुणी हात लावू नये असंच मलाही वाटत होतं. त्या पात्याकडे बघवत नव्हतं आणि तिथून नजरही हलत नव्हती.

फिलूने साडीचा पदर खोचला. त्या घरात आल्यापासून तिने हत्यार कधी हातात धरलं नव्हतं, तेलाच्या वासावरून जन्मभर भांडत आली होती. ती तुळईपाशी गेली आणि तिने रंधा उचलला. माझ्या तोंडून निघून गेलं, "फिलू, अगं, राहू दे ना ती धार..."

"राहू दे म्हणजे काय करू?" ती म्हणाली. "गंजू दे?"

तिने रंधा ओढला. अडकला. पुन्हा ओढला, तर नुसते तुकडे निघाले. केइकोने पुढे होऊन तिची कोपरं जरा खाली दाबली आणि बाजूला झाली. मग छिलका निघायला लागला, आधी जाड, तुटका, आणि मग हळूहळू लांब. फिलू रडत होती आणि ओढत होती. थांब असं तिला कोणी म्हटलं नाही. माणसं येत होती, बसत होती, तिचा हात दुखला की दुसरं कुणीतरी ओढत होतं, पुन्हा ती. मी पण ओढला. लाकडातून तो कसा सरसर येत होता, काय सांगू... त्याचा हात होता त्यात. संध्याकाळी छिलके फाटायला लागले. फिलूने पातं काढून त्यावर अंगठा फिरवला, आणि बादलीतून दगड काढून केइकोच्या समोर बसली.

"शिकव," ती म्हणाली.